५ व्होल्टच्या घरात ३.३ व्होल्टचा पाहुणा

गणपतीच्या सुट्टीत खानापूरहून भाचा आला तो कुंद्याचा डबा घेऊन. बेळगावातून कुंदा, आमच्याकडची मिठाई, बाहेर जातो, आत येत नाही, म्हणून मी आधीच समजलो की डब्यात दुसरंच काहीतरी आहे. वर्तमानपत्राच्या घडीत एक हिरवी पट्टी निघाली, टपालाच्या तिकिटापेक्षा जरा लहान. मध्ये पत्र्याचं चौकोनी झाकण, एका टोकाला नागमोडी रेघ, दुसऱ्या टोकाला मुंगीच्या पायांसारख्या टोकांचा कनेक्टर. छपरातून गळलेल्या पाण्याने मेलेल्या लॅपटॉपमधलं ब्लूटूथ मॉड्यूल.

"मामा, हे आमच्या डेस्कटॉपला बसतंय काय बघ की."

त्यांच्या घरी एकच खोली मोठी. तिथे टीव्ही आणि तिथेच कॉम्प्युटर. संध्याकाळी आजीची मालिका आणि ताईचा दहावीचा अभ्यासाचा व्हिडिओ यांची रोजची मारामारी. ब्लूटूथ हेडफोन घरात आहे, डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही. आता खरं सांगायचं तर दोन-तीनशे रुपयांत ब्लूटूथचा डाँगल मिळतो, मागे खोचला की झालं. भाच्यालाही ते माहीत होतं. पण फुकट हाती आलेली वस्तू वाया घालवायची नाही, हे आमच्या घराण्यातलं दुखणं आहे आणि ते मामाकडूनच त्याच्यात उतरलंय. त्याने एक जुनी यूएसबी केबल कापून चारही तारा सोलूनसुद्धा ठेवल्या होत्या. लाल तार जोडायच्या आधी विचारायची बुद्धी झाली, म्हणून पुढचं सगळं घडलं.

पहिला प्रश्न हा पडतो, की लॅपटॉपमधलं हे बोटभर मॉड्यूल डेस्कटॉपशी बोलणार कसं? त्याला यूएसबीची चपटी पिन नाही, काही नाही. पण लॅपटॉपमधली अशी बहुतेक मॉड्यूलं आतून यूएसबीच असतात. यूएसबी म्हणजे ती पिन नव्हे. यूएसबी म्हणजे चार तारांवर ठरलेली बोलण्याची पद्धत. दोन तारा वीज पुरवतात, दोन बोलतात. बोलणाऱ्या तारांना डी प्लस आणि डी मायनस म्हणतात. लॅपटॉप बनवणाऱ्याने फक्त पिन काढून टाकली आणि जागा वाचवण्यासाठी बारीक कनेक्टर लावला.

आणि इथे एक गोष्ट फार सोयीची आहे. यूएसबी केबलमध्ये वीज ५ व्होल्टची असली तरी बोलणं ५ व्होल्टमध्ये होत नाही. ब्लूटूथ मॉड्यूल यूएसबीवर ज्या वेगाने बोलतं, म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट, त्या वेगात डेटाच्या तारा ० ते ३.३ व्होल्टच्या दरम्यानच वरखाली होतात. मॉड्यूल ३.३ व्होल्टचं, डेटाही ३.३ व्होल्टचा. गणपत गल्लीत दुकानदार कन्नडमध्ये सुरू करतो, गिऱ्हाईक मराठीत उत्तर देतं आणि भाव हिंदीत तुटतो. इथे तेवढाही गोंधळ नाही. दोघांची बोली एकच, दुभाषा लागत नाही. अडचण फक्त जेवणाची. घरात ५ व्होल्ट शिजतंय आणि पाहुण्याला ३.३ लागतंय.

५ दिलं तर काय होईल? मॉड्यूलवरच्या चिपमध्ये कोट्यवधी नसले तरी लाखो ट्रान्झिस्टर असतात आणि प्रत्येकाच्या आत काचेसारख्या इन्सुलेशनचा एक अतिपातळ थर असतो. हा थर ठरावीक व्होल्टेजच झेलतो. अशा चिपांना साधारण ३.६ व्होल्ट ही वरची हद्द दिलेली असते. मी उद्यमबागेत सीएनसीवर काम करतो, तिथल्या भाषेत सांगायचं तर हे ३.३ अधिक-वजा ०.३ चं टॉलरन्स आहे. शाफ्ट टॉलरन्सपेक्षा जाड राहिला तर तो परत घासून घेता येतो. चिपला मात्र दुसरी संधी नाही. धूर येत नाही, आवाज होत नाही, ती नुसती गप्प होते आणि तुम्ही दोन दिवस ड्रायव्हर शोधत बसता.

मग ३.३ आणायचे कुठून? भाच्याने सोबत आणलेल्या डेस्कटॉपचं झाकण उघडल्याबरोबर बोट ठेवलं: "ही नारिंगी तार ३.३ ची न्हवं का?" बरोबर होतं त्याचं. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पेटी, तिच्यातून येणाऱ्या जाड जुडग्यात पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, काळी ग्राउंडची. जांभळी ५ व्होल्टची स्टँडबाय, म्हणजे कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीचा स्विच चालू असेपर्यंत जिवंत असते. हार्डडिस्कला जाणाऱ्या सपाट साटा कनेक्टरमध्येही ३.३ ची जागा असते, पण चार पिनच्या जुन्या कनेक्टरवरून साटा करून देणारा जो स्वस्त अडॅप्टर मिळतो त्यात ती रिकामीच असते, कारण जुन्या कनेक्टरमध्ये ३.३ कधी नव्हतेच.

म्हणजे तयार ३.३ घरातच आहेत. मग तीच नारिंगी तार का नाही घ्यायची? घेता येते, खूप जण घेतातही. मला ती आवडत नाही, आणि त्याचं कारण व्होल्टमध्ये नाही, अँपिअरमध्ये आहे. साध्या एसएमपीएसची ३.३ ची लाइन पंधरा-वीस अँपिअर सहज देते. मॉड्यूलला हवेत वीस-पन्नास मिलिअँपिअर. तुम्ही केसासारखी तार लावली, ती पंख्याला घासून कुठे ग्राउंडला टेकली, तर एसएमपीएसच्या दृष्टीने तो शॉर्टसर्किट नसून एक मोठंसं गिऱ्हाईक असू शकतं. तो निमूट पुरवठा करत राहील आणि तार कॅबिनेटच्या आत लाल होईल. नारिंगी घ्यायचीच असेल तर सुरुवातीलाच, जिथून तार फोडली तिथेच, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घाला. शिवाय काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये तारांचे रंग आणि जागा आपल्या मनाप्रमाणे असतात, आणि अलीकडे तर फक्त १२ व्होल्ट देणारे एसएमपीएसही आलेत. रंगावर विश्वास ठेवू नका, व्होल्ट मोजणाऱ्या मीटरवर ठेवा.

दुसरी वाट मदरबोर्डवरच आहे. पुढच्या पॅनेलच्या यूएसबी पोर्टांसाठी बोर्डवर नऊ पिनांचा एक हेडर असतो, दोन ओळी, दहापैकी एका पिनची जागा मुद्दाम रिकामी. त्यात दोन यूएसबी पोर्ट असतात, एकेका ओळीत एक. रिकाम्या जागेच्या विरुद्ध टोकापासून मोजलं तर आधी ५ व्होल्ट, मग डी मायनस, मग डी प्लस, मग ग्राउंड. बहुतेक बोर्डांवर या ५ व्होल्टच्या वाटेत स्वतःहून सावरणारा फ्यूज असतो: जास्त करंट गेला की तापून अडवतो, थंड झाला की परत सोडतो. चुका करणाऱ्या माणसाला याच्यासारखा मित्र नाही. वीज आणि डेटा एकाच जागेवरून मिळतात, दोन्ही एकदमच येतात आणि एकदमच जातात, हा आणखी फायदा. मॉड्यूल नारिंगीवर आणि डेटा हेडरवर असं ठेवलं, तर कॉम्प्युटर झोपला की मॉड्यूल उपाशी आणि त्याच्या डेटाच्या तारा मात्र जाग्या, असा विचित्र प्रकार होऊ शकतो.

एकच सावधगिरी. काही जुन्या मदरबोर्डवर फायरवायर नावाच्या दुसऱ्या जोडणीचा हेडर अगदी यूएसबीच्या हेडरसारखाच दिसतो, आणि त्यात १२ व्होल्ट असतात. बोर्डवर छापलेलं नाव वाचा, आणि काही जोडायच्या आधी कॉम्प्युटर चालू करून त्या पिनांवर मीटर लावून ५ दिसतात का बघा.

तर आम्ही हेडरवरचे ५ व्होल्ट घ्यायचे ठरवलं. आता ५ चे ३.३ करायचे.

भाचा अकरावी सायन्सला आहे. त्याचं उत्तर तयार होतं: दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे भाग. १०० ओहम वर, २०० ओहम खाली, मधून तार काढायची. गणित बरोबर येतं, ३.३३ व्होल्ट. मी म्हटलं, जोड आणि मोज. मीटरने ३.३३ दाखवले, तो खूश. मग त्या जागेवर मी एक रेझिस्टर लावला, साधारण २० मिलिअँपिअर ओढेल असा. मीटर २ व्होल्टवर आला. पन्नास मिलिअँपिअर मागायला गेलं तर व्होल्टेज जवळपास शून्यावर येतं. पुस्तकातलं गणित खोटं नव्हतं, त्यात फक्त "मधल्या तारेतून कोणी काही ओढत नाही" अशी अट होती, आणि ती अट धड्याच्या एका ओळीत लपलेली असते.

हे पाण्यावरून चटकन कळतं. राकसकोपचं पाणी नळाला कधी जोरात येतं, कधी करंगळीएवढं. नळ अर्धा उघडा ठेवून "एवढ्याने बादली निम्मी राहील" असं कोणी म्हणालं तर हसाल. कोणी बादलीतून तांब्या घेतला की पातळी गेली. रेझिस्टरची जोडी म्हणजे असा अर्धा उघडा नळ. गच्चीवरच्या टाकीत काय करतो आपण? बॉल कॉक लावतो. पातळी खाली गेली की चेंडू खाली येतो, नळ जास्त उघडतो. पातळी आली की चेंडू वर, नळ बंद. पाणी कितीही वापरा, पातळी तिथेच. व्होल्टेज रेग्युलेटर म्हणजे विजेचा बॉल कॉक. तो बाहेरचं व्होल्टेज सतत मोजत असतो आणि स्वतःला कमीजास्त उघडत असतो.

मधला एक उपाय जुने मेकॅनिक सांगतात: १एन४००७ डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, दोन, एकापुढे एक. प्रत्येक डायोडवर ०.७ व्होल्ट पडतात, दोनांवर १.४, म्हणजे ५ चे ३.६. ऐकायला छान. पण डायोडवर ०.७ पडतात ते बऱ्यापैकी करंट वाहताना. मॉड्यूल निवांत असेल, दोन-चार मिलिअँपिअरच ओढत असेल, तेव्हा प्रत्येकावर ०.६ च्या आसपास किंवा त्याहूनही कमीच पडतात आणि मॉड्यूलला ३.८ किंवा जास्त मिळतात. हद्द ३.६ ची. म्हणजे मॉड्यूल काम करत असताना बरं आणि झोपलं की धोक्यात. चाललेलीही उदाहरणं आहेत. माझ्या मते ते नशीब आहे.

रेग्युलेटर दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे. ३.३ व्होल्टचा एएमएस१११७ नखाएवढा मिळतो, किंवा त्याच कुळातला एलडी१११७, तीन पाय आणि वर भोक असलेला पत्रा, जो हाताळायला सोपा. या जातीच्या रेग्युलेटरला आत आणि बाहेर यांत सव्वा व्होल्टच्या आसपास फरक लागतो, आपल्याकडे १.७ चा आहे, पुरतो. जास्तीचे १.७ व्होल्ट तो उष्णता करून टाकतो. पन्नास मिलिअँपिअरला ही उष्णता ०.०८५ वॉट होते, हाताला कळतसुद्धा नाही.

मला मात्र कळली, आणि चांगलीच कळली.

आमच्या पिढीचे हात ७८०५ वर बसलेत. तोही तीन पायांचा, तोच आकार, ५ व्होल्ट देणारा. छापलेली बाजू आपल्याकडे धरली तर त्याचे पाय डावीकडून आत, ग्राउंड, बाहेर असे येतात. इतक्यांदा लावलाय की बघायची गरज वाटत नाही. एलडी१११७ चे पाय येतात ग्राउंड, बाहेर, आत. मी न बघता ७८०५ सारखा जोडला, म्हणजे ५ व्होल्ट थेट त्याच्या ग्राउंडच्या पायावर आणि ग्राउंड त्याच्या बाहेरच्या पायावर. कॉम्प्युटर चालू केला, मीटरवर ३.३ सोडून भलताच आकडा आला, आणि "सैल आहे काय" म्हणून मी पत्र्यावर बोट ठेवलं. चटका असा बसला की बोटावर भोकाची गोल खूण उठली. स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, "काय जाळूलालास रे?" हेडरचा फ्यूज अडवून बसला होता म्हणून बोर्ड वाचला. मॉड्यूल अजून जोडलंच नव्हतं म्हणून ते वाचलं. भाचा हसला नाही, एवढं त्याचं वळण चांगलं.

त्याच पत्र्याबद्दल आणखी एक. ७८०५ चा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो, म्हणून लोक तो बिनधास्त कॅबिनेटला स्क्रूने आवळतात. एलडी१११७ चा पत्रा बाहेरच्या ३.३ ला जोडलेला असतो. तो कॅबिनेटला टेकला की सरळ शॉर्ट. मी नवा रेग्युलेटर लावला आणि अख्खा श्रिंक ट्यूबमध्ये, म्हणजे तापवल्यावर आवळणाऱ्या प्लास्टिकच्या नळीत, घातला.

रेग्युलेटरच्या दोन्ही बाजूंना कपॅसिटर लागतात, ते नसतील तर तो स्वतःच थरथरू लागतो. आत १० मायक्रोफॅरड, बाहेर २२ मायक्रोफॅरड. आणि एक १०४ छापलेला छोटा सिरॅमिक थेट मॉड्यूलच्या पायांवर, जितका जवळ बसेल तितका. यामागचं कारण ब्लूटूथच्या स्वभावात आहे. ते सतत बोलत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक-एक मेगाहर्ट्झच्या ७९ वाटा आहेत, आणि ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा वाट बदलतं. प्रत्येक वाटेवर ६२५ मायक्रोसेकंदांचा मुक्काम, तेवढ्यात बोलून घ्यायचं. म्हणजे वीज गचके देत मागितली जाते. फूटभर तारेतून प्रत्येक गचक्याला ताजी वीज यायला किंचित वेळ लागतो. दाराशी भरलेली घागर ठेवावी तसा तो छोटा कपॅसिटर तेवढ्यापुरता पुरवतो.

पाय ओळखणं

आता खरं नाजूक काम. आमच्या मॉड्यूलवर नुसता नंबर होता, कुठला पाय कशाचा ते कुठेच नाही. ग्राउंड ओळखायला सगळ्यात सोपं. मीटर बीपवर ठेवा, एक टोक पत्र्याच्या झाकणावर, दुसरं एकेका पायावर. ज्यांवर बीप येतो ते ग्राउंड. आमच्यात असे दोन निघाले. वीज कुठली, तर ज्या पायापासून निघणारी रेघ जाड आहे आणि जी सगळ्यात मोठ्या तपकिरी कपॅसिटरपाशी जाते ती. दहा रुपयांचं भिंग घेऊन खिडकीत बसा, दिसतं. आणि दोन बारीक रेघा एकमेकींना न सोडता जोडीने चिपपर्यंत जातात, त्या डेटाच्या.

त्या दोघींतली प्लस कुठली आणि मायनस कुठली हे ओळखायची एक गंमत आहे, भाच्याला ती सगळ्यात आवडली. यूएसबीत उपकरणाने "मी आलोय" हे सांगायची पद्धत अशी, की १२ मेगाबिटवालं उपकरण डी प्लसची तार १.५ किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ कडे ओढून धरतं. कॉम्प्युटर आपल्या बाजूने दोन्ही तारा १५ किलोओहमने खाली धरून बसलेला असतो. प्लस वर गेली की त्याला कळतं, कोणीतरी दार वाजवलं. हे दार वाजवणं आपण मीटरने ऐकू शकतो. मॉड्यूलला फक्त ३.३ आणि ग्राउंड द्या. दोन्ही डेटा तारांवर १५ किलोओहमचा एकेक रेझिस्टर ग्राउंडला लावा आणि मोजा. एकीवर ३ व्होल्ट आले, दुसरीवर जवळपास शून्य. तीनवाली प्लस. कापलेल्या केबलची हिरवी तार तिला, पांढरी दुसरीला. चुकून उलटं झालं तरी काही जळत नाही, कॉम्प्युटर "उपकरण ओळखता येत नाही" म्हणतो, तेव्हा फक्त अदलाबदल करायची.

कोणतीच तार वर येत नसेल तर बहुधा मॉड्यूल कोणीतरी "चालू हो" म्हणायची वाट बघतंय. लॅपटॉपला रेडिओ बंद करायचं बटण असतं, त्याची एक तार मॉड्यूलपर्यंत येते. उरलेल्या पायांना एकेक करून १० किलोओहममधून ३.३ ला जोडून बघा. थेट जोडू नका. १० किलोओहम मध्ये असेल तर पाय चुकीचा असला तरी एक तृतीयांश मिलिअँपिअरच जाईल, त्याने काही बिघडत नाही. आमच्यात तिसऱ्या प्रयत्नाला मीटर हलला.

सोल्डर करताना यूएसबी केबलच्या तारा फार जाड पडल्या. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली लाखेची बारीक तार घेतली, टोकावरची लाख ब्लेडने खरवडली, पायावर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात त्या रसायनाचा, थेंब आणि आयर्नचा एका सेकंदाचा स्पर्श. जोर लावायचा नाही. नंतर गरम गोंदाचा एक ठिपका, म्हणजे तार ओढली गेली तर पाय उपटत नाही. आणि फ्लक्स स्पिरिटने पुसून काढायचा. बेळगावात एक वेळ चालेल, पण खानापुरात पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी सोडतं. तिथे राहिलेला फ्लक्स ओल धरतो आणि वर्षभरात पाय हिरवे पडतात. हेडरपर्यंतच्या डेटा तारांसाठी लॅन केबलमधली एक पिळलेली जोडी वापरली, पीळ तसाच ठेवून.

हेडरवर जोडताना कॉम्प्युटर नुसता बंद करून भागत नाही, भिंतीचा प्लग काढायचा. ती जांभळी तार आठवा: बऱ्याच बोर्डांवर बंद कॉम्प्युटरच्या यूएसबीतही ५ व्होल्ट असतात.

लिनक्स चालू केलं, जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी एलएसयूएसबी ही आज्ञा टाइप केली, यादीत एक नवी ओळ आली. सुरुवातीचा नंबर ०ए५सी, म्हणजे ब्रॉडकॉमची चिप. ड्रायव्हर काही शोधावा लागला नाही, कारण ब्लूटूथच्या यूएसबी मॉड्यूलांची बोलण्याची पद्धत प्रमाणित आहे. विंडोजमध्येही २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून ती सोय आहे. काही चिपांना मात्र आधी फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, भरवावं लागतं. आमचं मॉड्यूल ब्लूटूथ २.१ चं निघालं. हेडफोन, कीबोर्ड, माऊस यांना ते पुरतं. मनगटावरची पट्टी वगैरे ज्या गोष्टी २०१० मध्ये आलेल्या ४.० च्या कमी विजेच्या पद्धतीवर चालतात, त्या याच्याशी बोलणार नाहीत, आणि व्होल्टेज कितीही नीट दिलं तरी त्यात फरक पडत नाही.

तुमच्याकडचा लॅपटॉप जरा नवा असेल तर वेगळं मॉड्यूल न निघता वायफाय आणि ब्लूटूथ एकत्र असलेलं कार्ड निघेल. त्यातही वायफाय वेगळ्या वाटेने आणि ब्लूटूथ यूएसबीनेच बोलतं. मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड असेल तर ३६ वी पिन डी मायनस, ३८ वी डी प्लस, वीज ३.३ ची. म्हणजे नुसत्या ब्लूटूथसाठी वरचंच सगळं लागू. एम.२ च्या कार्डात प्लस ३ नंबरला आणि मायनस ५ ला. फक्त इंटेलची सीएनव्हीआय म्हणून जी कार्डं येतात त्यांच्या नादी लागू नका. त्यांचा निम्मा मेंदू लॅपटॉपच्या चिपसेटमध्ये राहिलेला असतो.

आवाज तुटतोय

हेडफोन जोडला गेला, गाणं सुरू झालं, भाच्याने झाकण लावलं आणि आवाजाचे तुकडे व्हायला लागले. त्याला वाटलं ३.३ कमी पडतायत. मीटर लावला, ३.२९. वीज ठीक होती.

झालं होतं असं, की आपण रेडिओला पत्र्याच्या पेटीत कोंडलं होतं. लोखंडी कॅबिनेटमधून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बाहेर पडत नाहीत, फटींतून आणि पंख्याच्या जाळीतून गळतात तेवढ्याच. लॅपटॉपमध्ये ही अडचण नव्हती, तिथे मॉड्यूल प्लास्टिकच्या कडेला बसवलेलं असतं. मॉड्यूलवरची ती नागमोडी रेघ म्हणजे अँटेना. या लहरींची लांबी सव्वाबारा सेंटीमीटरच्या आसपास, तिचा चौथा भाग साधारण तीन सेंटीमीटर, तेवढी रेघ घडी घालून बसवलेली. तिच्या जवळ धातू आला की ती बिनसते.

आम्ही पुढच्या प्लास्टिकच्या पॅनेलमागे, सीडी ड्राइव्हच्या रिकाम्या खणात मॉड्यूल नेलं, अँटेनाचं टोक प्लास्टिककडे करून दुहेरी टेपने चिकटवलं. तारा चार इंच वाढवाव्या लागल्या. तरी मधूनच खरखर यायची. ती यायची फक्त पुढच्या निळ्या पोर्टात पेनड्राइव्ह लावल्यावर. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पसरतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतः कागद काढला होता. पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात गेला, खरखर गेली.

कॉम्प्युटर खानापूरला परत गेला त्याला आता महिना झाला. आजीची मालिका चालू असते आणि ताई हेडफोन लावून बसते. भाच्याची तक्रार अशी, की परसात विहिरीपाशी गेलं की आवाज जातो. मध्ये चिऱ्याची दीड फुटी भिंत आहे आणि हे मॉड्यूल अडीच मिलिवॉटचं, मोकळ्यावर दहाएक मीटरचं. त्यात मी काही करू शकत नाही.

कुंद्याच्या डब्यात त्याच लॅपटॉपचा वेबकॅम अजून पडून आहे. तोही यूएसबीच बोलतो. पण वेबकॅम काही ३.३ वर चालतात, काही ५ वर. दिवाळीला येताना डबा घेऊन ये आणि तोवर कशाला काही जोडू नकोस, असं सांगून ठेवलंय.